घरबांधणी – वाचकांचे प्रश्न : दरवाजा अरुंद झाला, कंत्राटदार म्हणतात ‘चालवून घ्या’

प्रश्न : आम्ही स्वतःच्या गरजेप्रमाणे नकाशा करून घेऊन घर बांधत आहोत. माझ्या सासूबाईंना चाकाच्या खुर्चीशिवाय हिंडता-फिरता येत नाही. त्यामुळे तळमजल्यावर त्यांची खोली आणि तिला जोडून न्हाणीघर असावे, न्हाणीघराच्या दरवाजाची रुंदी ९० सेंटीमीटर असावी आणि तेथे उंबरठा अजिबात नसावा, असे आम्ही वास्तुविशारदांना पहिल्याच बैठकीत सांगितले होते. नकाशातही तसेच दाखवलेले आहे. आता चौकट बसल्यावर टेप लावून पाहिले, तर चौकटीच्या आतल्या बाजूंमध्ये ७८ सेंटीमीटरच अंतर भरते. शिवाय लादीच्या पातळीसाठी भिंतीवर मारलेल्या खुणांवरून न्हाणीघराची जमीन खोलीपेक्षा ४ सेंटीमीटर वर येणार, असे दिसते. कंत्राटदार म्हणतात, “एवढा फरक पडतोच, सगळीकडे एवढेच दरवाजे असतात. हवे तर शेवटच्या बिलातून काही रक्कम कमी करतो.” पुढच्या आठवड्यात लादीकाम सुरू होणार आहे. काम अर्धवट असताना वाद नको, असे माझ्या पतींना वाटते. आम्ही सूट स्वीकारावी, की तोडफोड करायला लावावी?

उत्तर : या दोन्हींपैकी काहीही ठरवण्याआधी न्हाणीघरातील लादीकाम थांबवा. संपूर्ण घराचे काम बंद पाडण्याची गरज नाही. वरच्या मजल्यावरचा गिलावा किंवा विजेचे काम खुशाल चालू राहू द्यावे. मात्र जी चूक आज उघडी दिसते आहे, तिच्यावर वॉटरप्रूफिंग, कोबा आणि लादी असे थर चढले की प्रत्येक थरागणिक दुरुस्तीचा खर्च वाढतो, आणि “आता कशाला उखडायचे” हा कंत्राटदारांचा युक्तिवादही तेवढाच बळकट होत जातो.

दरवाजा अरुंद का झाला, हे आपल्या आकड्यांवरूनच बहुधा कळते. गवंड्याने नकाशातील ९० सेंटीमीटर हे माप वीटकामात ठेवायच्या मोकळ्या जागेचे धरले असावे. त्या जागेत दोन्ही बाजूंनी ६-६ सेंटीमीटर जाडीची चौकट बसली आणि आत ७८ उरले. हेही अखेरचे माप नव्हे. कवाड काटकोनात उघडले की त्याची जाडी वाटेत येते; ती साडेतीन सेंटीमीटर धरली, तर खुर्चीला मिळणारी वाट साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास राहते. अमेरिकेतील अपंगांच्या सुलभतेविषयीच्या २०१० च्या मानकांमध्ये दरवाजाची किमान मोकळी रुंदी ८१५ मिलिमीटर दिलेली आहे आणि ती कवाड काटकोनात उघडे ठेवूनच मोजायची असते. आपल्याकडची खुर्ची ६५ सेंटीमीटर रुंद असेल, तर ती सरळ रेषेत जेमतेम आत जाईल. पण चाक स्वतःच्या हाताने फिरवणाऱ्या व्यक्तीच्या बोटांना प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटरही जागा उरणार नाही, आणि खोलीतून वळून आत शिरायचे असेल तर तेवढेही हाती लागणार नाही. म्हणून सासूबाईंची प्रत्यक्ष खुर्ची जागेवर नेऊन, शक्य असल्यास त्यांना बसवून, आत-बाहेर करून पाहावी. कागदावरच्या आकड्यांवरून घातलेल्या वादापेक्षा हे दृश्य कंत्राटदारांना लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

यानंतरचा मुद्दा कदाचित आपल्याला रुचणार नाही. नकाशात किंवा दरवाजे-खिडक्यांच्या तक्त्यात हे ९० सेंटीमीटर नेमके कशाचे माप म्हणून लिहिले आहे, ते नीट तपासा. ‘मोकळी रुंदी’ असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर चूक सरळसरळ कंत्राटदारांची आहे. नुसता आकडा असेल आणि इतर दरवाजांच्या बाबतीत तेच माप वीटकामाचे धरले गेले असेल, तर संदिग्धतेचा काही भाग वास्तुविशारदांकडेही जातो. मग दुरुस्तीच्या खर्चाची चर्चा तिघांनी मिळून करावी लागेल. कंत्राटदारांना पत्र पाठवण्यापूर्वी हे कळलेले बरे, नाहीतर पहिल्याच उत्तरात ते नकाशाकडे बोट दाखवतील आणि आपण निरुत्तर व्हाल. जमिनीच्या पातळीबाबत मात्र ‘उंबरठा नाही’ असे नकाशात असताना ४ सेंटीमीटरची पायरी तयार होणे, याला दुसरा अर्थ लावता येत नाही.

आता दुरुस्तीविषयी. “दोन विटा काढल्या की झाले” असे कोणी म्हटले, तर त्याला आधी वरच्या लिंटेलची, म्हणजे फटीवरच्या भिंतीचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईची, लांबी विचारा. ९० सेंटीमीटरच्या फटीवर लिंटेल टाकताना त्याची टोके दोन्ही बाजूंच्या भिंतींवर साधारण १५-१५ सेंटीमीटर टेकवलेली असतात, म्हणजे लिंटेलची एकूण लांबी १२० सेंटीमीटर होते. चौकट धरून आत ९० सेंटीमीटर मिळवायचे, तर वीटकामातील फट किमान १०२ करावी लागेल, आणि कवाडाची जाडीही भरून काढायची असेल तर १०६. तेवढी फट केल्यावर जुन्या लिंटेलला दोन्ही बाजूंना मिळून १४ सेंटीमीटरच आधार उरतो. एकाच बाजूने कापले, तर त्या टोकाला आधारच राहत नाही. तेव्हा जुने लिंटेल काढून, वरच्या भिंतीला तात्पुरते टेकू देऊन, लांब लिंटेल बसवावे लागेल. घराच्या सगळ्या भिंतींवरून फिरणारा सलग लिंटेल पट्टा असेल, तर हे काम पुष्कळ सोपे होते, तरी पट्ट्यातील सळ्या रुंद फटीला पुरेशा आहेत का, ते संरचना अभियंत्यांनी पाहायला हवे. दरवाजाला लागून आरसीसीचा कॉलम असेल, तर त्या बाजूला छिन्नी लावू देऊ नका. रुंदी वाढवायची ती दुसऱ्या बाजूनेच.

भिंत न तोडण्याचा एक मार्गही आहे आणि तो मला आपल्या बाबतीत विचार करण्यासारखा वाटतो. चौकट काढून, फटीच्या कडांना दोन-दोन सेंटीमीटरची पातळ पट्टी लावून, खोलीच्या बाजूने भिंतीवरून सरकणारा दरवाजा बसवला, तर सुमारे ८६ सेंटीमीटर वाट मिळते. दरवाजा वाटेत उघडत नसल्याने खुर्ची वळवायलाही सोयीचे होते. मात्र त्यासाठी दरवाजाच्या शेजारी त्याच्याएवढीच मोकळी भिंत हवी, तिच्यावर विजेची बटणे नकोत, आणि दरवाजा पूर्ण सरकवल्यावर त्याची मूठ कडेला अडकून पुन्हा पाच-सात सेंटीमीटर वाट जाणार नाही, हे आधी पाहून घ्यावे. करारातील ९० सेंटीमीटर यात भरत नाहीत. पण सासूबाईंची खुर्ची सहज जात असेल, तर लिंटेल तोडण्याचा आग्रह मी तरी धरणार नाही. हा निर्णय मात्र आपण घ्यायचा. कंत्राटदारांनी तो परस्पर घेऊन टाकू नये.

जमिनीच्या पातळीत अशी पळवाट नाही. उतार एकास बारा ठेवायचा म्हटले, तर ४ सेंटीमीटर चढायला ४८ सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो, आणि तो नेमका दरवाजाच्या तोंडाशी येतो, जेथे खुर्ची स्थिर राहायला हवी. वर उल्लेखलेल्या मानकांत उंबरठ्याला जेमतेम १३ मिलिमीटरची मुभा आहे. न्हाणीघरातील स्लॅब पाइपांसाठी खोलीच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला नसावा किंवा पाइपांवरची भर जास्त झाली असावी, म्हणूनच ही वाढ आलेली दिसते. भर जास्त झाली असेल, तर ती काढून, पाइपांचा ढाळ पुन्हा तपासून, जमीन खाली आणता येईल. स्लॅबच खाली घेतलेला नसेल, तर तो छिलून कमी करण्याचा विचारही करू नये. त्यापेक्षा खोलीतील लादी अजून बसलेली नसेल, तर खोलीची पातळी वर घेता येते का, हे वास्तुविशारदांना विचारा. त्याने खोलीच्या मुख्य दरवाजाशी नवी पायरी तयार होत नाही ना, एवढे पाहावे. दोन्ही जमिनी एका पातळीत आल्या की पाणी खोलीत येऊ नये म्हणून न्हाणीघराचा उतार दरवाजापासून आत ठेवावा लागेल आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला जाळीची आडवी मोरी घेतलेली बरी.

सुटीच्या रकमेचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मोजमापातील चुकीची भरपाई किती, या प्रश्नावर न्यायालयांनीही बराच खल केला आहे. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयापुढे १९२१ साली आलेल्या एका प्रकरणात घरमालकाने करारात एका विशिष्ट कंपनीचे लोखंडी पाइप मागितले होते आणि कंत्राटदाराकडून त्याच दर्जाचे, पण दुसऱ्या कंपन्यांचे पाइप घातले गेले. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिलेल्या निकालात, भिंती फोडून पाइप बदलण्याचा खर्च मालकाला नाकारण्यात आला, कारण घराच्या किमतीत त्यामुळे काही फरक पडत नव्हता. ब्रिटनमध्ये तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे १९९५ साली पोहण्याच्या तलावाचे प्रकरण आले. ठरलेली कमाल खोली ७ फूट ६ इंच होती आणि प्रत्यक्षात ६ फूट ९ इंच मिळाली. तलाव नव्याने बांधायला २१,५६० पौंड लागणार होते; मालकाला मिळाले २,५०० पौंड, तेही ठरलेला आनंद कमी झाला म्हणून. तलाव वापरण्याजोगा होता, त्यामुळे पुनर्बांधणीची मागणी अवाजवी ठरली.

हे दोन्ही निकाल मालकांच्या विरोधात गेल्यासारखे वाटतात, परंतु आपल्या बाजूने नेमके काय आहे, तेही त्यांतूनच समजते. पाइपांचे काम पाइप करत होते, तलावात पोहता येत होते. आपले न्हाणीघर मात्र ज्या व्यक्तीसाठी बांधले, तिलाच त्यात जाता येणार नाही. हेतू नकाशात उतरलेला आहे आणि तोच साधत नाही, त्यामुळे दुरुस्तीची मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा असतो, म्हणून रक्कम मोठी असल्यास स्थानिक वकिलांचा सल्ला घ्यावाच. हीच चूक वरच्या मजल्यावरच्या एखाद्या कोठीच्या दरवाजात झाली असती, तर सूट घ्या आणि विषय संपवा, असे मी बिनदिक्कत सांगितले असते.

आपल्या पतींना वाद नको असेल, तर पत्र हाच उत्तम उपाय आहे. तोंडी बोलण्यात आवाज चढतो. लेखी मागणीत तो चढवावा लागत नाही. पत्र पुढीलप्रमाणे लिहिता येईल : “तळमजल्यावरील न्हाणीघराच्या दरवाजाची रुंदी नकाशात ९० सेंटीमीटर असून जागेवर चौकटीच्या आत ७८ सेंटीमीटर भरली. तसेच जमिनीची नियोजित पातळी खोलीपेक्षा ४ सेंटीमीटर वर आहे. मोजणीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दुरुस्ती कोणत्या पद्धतीने आणि किती दिवसांत करणार, हे सात दिवसांत लेखी कळवावे. तोपर्यंत न्हाणीघरातील पुढील काम करू नये.” नकाशाचा क्रमांक आणि सुधारित प्रतीची तारीख जरूर घाला, कारण जुन्या प्रतीवरून काम झाल्याचे पुष्कळदा नंतर उघड होते. छायाचित्रात टेपचे दोन्ही टोकांचे आकडे वाचता आले पाहिजेत. पत्राची प्रत वास्तुविशारदांना द्या.

रागाच्या भरात दुसऱ्या मिस्त्रीला बोलावून चौकट उखडून टाकू नका. मूळ कंत्राटदारांना चूक सुधारण्याची वाजवी संधी दिली नाही, तर खर्च मागताना तीच गोष्ट आपल्या अंगाशी येऊ शकते. तसेच संपूर्ण हप्ता रोखणेही शहाणपणाचे नाही. करारात परवानगी असेल, तर या दुरुस्तीला लागेल तेवढीच रक्कम, कारण लिहून, बाजूला ठेवावी आणि बाकीचे झालेल्या कामाचे पैसे वेळेवर द्यावेत. पैसे थकल्यामुळे काम बंद केले, असे म्हणायला त्यांना जागा उरू नये.

प्रश्न : आमचे घर पूर्ण होत आले आहे. कंत्राटदार म्हणतात, आधी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करा, मग किरकोळ राहिलेली कामे करून देतो. सही करावी का?

उत्तर : उरलेल्या कामांची यादी त्याच कागदाला जोडून, प्रत्येक कामापुढे तारीख घालून आणि त्या यादीवर कंत्राटदारांचीही सही घेऊन मगच करावी. दिसत असलेले दोष काहीही न लिहिता स्वीकारले, तर पुढे ते ‘मान्य होते’ असे म्हटले जाते. पुढे उघडकीला येणाऱ्या लपलेल्या दोषांची गोष्ट निराळी असते. करारात बिलाच्या काही टक्के रक्कम, बहुधा ५ ते १० टक्के, दोष-दुरुस्तीच्या मुदतीपर्यंत राखून ठेवण्याचे कलम असते. आपल्या करारात ते असेल, तर सही करण्याच्या भरात ती रक्कम सोडून देऊ नका. गच्ची आणि न्हाणीघरे पाणी साठवून किमान २४ तास तपासलेली नसतील, तर ती चाचणी यादीत सर्वांत वर लिहा, आणि पाणी सोडण्याआधी खालच्या छताचे छायाचित्र काढून ठेवा, म्हणजे ओल नवी की जुनी यावर नंतर वाद होणार नाही.