पुराजीवशास्त्रात पीएचडी, नाशिकहून: शिकवणं टाळू नकोस

तू विचारलं आहेस की एमएस्सी भूशास्त्र संपत आलंय, अमेरिकेत पुराजीवशास्त्रात, म्हणजे जीवाश्मांच्या अभ्यासात, पीएचडी करायची आहे, पण नाशिकच्या आसपास सगळा काळा दगड, जीवाश्म औषधालाही नाही. आणि तिकडे वर्ग घ्यावे लागले तर संशोधनाचा वेळ बुडणार नाही का? मी पंचवटीतली, आता इथे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात हाच विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शिकवण्याचं. इथे भूशास्त्रातल्या बऱ्याच मुलांची पीएचडी टीएच्या, म्हणजे अध्यापन साहाय्यकाच्या कामावरच निघते. फी माफ, वर दरमहा स्टायपेंड, आणि त्या बदल्यात आठवड्याला साधारण 20 तास काम. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर 20 तासांच्या वर काम करता येत नाही, त्यामुळे पूर्ण टीए मिळाली की वरकमाईचा विचार सोडून द्यायचा. एनएसएफ, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेची पदवीधरांसाठीची नावाजलेली फेलोशिप फक्त इथले नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच मिळते. साहजिकच आपली मुलं जास्त शिकवतात, आणि मला ते फायद्याचंच वाटतं. पुराजीवशास्त्राच्या जागा फार थोड्या निघतात. लहान विभागात या विषयाचं माणूस बहुधा एकच असतं. पहिल्या वर्षाचं भूशास्त्र, पृथ्वीचा इतिहास, गाळाचे खडक, डायनासोरांचा भलामोठा वर्ग, सगळं त्याच्याच गळ्यात. काही जण तर वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवतात आणि सुट्टीत हाडं खणायला जातात. नोकरीच्या अर्जात अध्यापनाविषयी निवेदन मागतात, मुलाखतीत कित्येकदा वर्गही घ्यायला लावतात. तिथे नुसते शोधनिबंध पुरत नाहीत.

टीएचं काम म्हणजे मुख्यतः पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं. समोरची बरीच मुलं इतिहासाची, बिझनेसची. विज्ञानाचा एखादा विषय घ्यावाच लागतो म्हणून आलेली. टेबलावर खनिजांचा ट्रे, काचेचा तुकडा, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. एखादा पांढरा तुकडा उचलून ठामपणे "क्वार्ट्झ" म्हणतो. आपल्याकडच्या सवयीने तोंडातून लगेच "नाही रे, कॅल्साइट" निघायला बघतं. ते आवरायचं. काचेवर घासून बघ म्हणायचं. ओरखडा उठत नाही, तो बुचकळ्यात पडतो. मग आम्लाचा एक थेंब. फसफसलं की तोच शेजारणीला समजावून सांगायला लागतो. हे नीट करणं मी संशोधनाइतकंच महत्त्वाचं मानते. भूशास्त्राचं शिक्षण हे आता अभ्यासाचं स्वतंत्र क्षेत्रही आहे; कोट्यवधी वर्षांचा काळ मुलांच्या डोक्यात का बसत नाही, फील्डवर ती नेमकं काय शिकतात, असे प्रश्न त्यात येतात. 'जर्नल ऑफ जिओसायन्स एज्युकेशन' आतापासून चाळायला लाग.

आता नाशिकचा दगड. तो म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींचा थिजलेला लाव्हा. लाव्हाच्या आत जीवाश्म मिळणार नाहीत हे खरं, पण थरांच्या मधल्या आणि खालच्या गाळात मिळतात, त्यासाठी विदर्भात जा. नागपूरजवळची टाकळी गोड्या पाण्यातल्या शंखांसाठी, चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा डायनासोरांच्या हाडांसाठी आणि अश्मीभूत विष्ठेसाठी प्रसिद्ध आहे. शिवाय 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर का संपले, मेक्सिकोतल्या अशनीमुळे की ज्वालामुखीमुळे, हा वाद शिकवताना जगभर दख्खनच्या या लाव्हाचं नाव घ्यावं लागतं. इथली मुलं तो फक्त चित्रात बघतात. तू कसारा घाटातून जाताना एकावर एक चढलेले थर बघतेस, आणि पांडवलेणी त्याच दगडात कोरलेली आहेत. मापपट्टी ठेवून फोटो काढ, वही ठेव. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत वाढलेली झिओलाइट नावाची खनिजं बघ. जमलं तर एखाद्या शाळेतली आठवीची मुलं पांडवलेण्यावर घेऊन जा, हा दगड कुठून आला असेल एवढंच विचार आणि त्यांची उत्तरं जशीच्या तशी लिहून घे. अध्यापनाच्या निवेदनात असं काही असेल तर वाचणारा थांबतो.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. अर्जाआधी प्राध्यापकांना ई-मेल करायची, नुसत्या विद्यापीठाच्या नावाकडे बघून अर्ज टाकायचा नाही. बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. ऑफर आली की स्टायपेंड 9 महिन्यांचा की 12, उन्हाळ्यात काय, आरोग्य विमा कोण भरतं, हे लेखी विचार. यात भिडस्तपणा नको. उत्तर द्यायला बऱ्याच विद्यापीठांत 15 एप्रिलपर्यंत वेळ असतो, कोणी घाई केली तर घाबरू नकोस. टीएसाठी बोलण्याच्या इंग्रजीची अट असू शकते. उच्चार बदलायच्या फंदात पडू नकोस, सावकाश बोल आणि अवघड शब्द फळ्यावर लिही.

पॅलिओबायॉलॉजी डेटाबेस, म्हणजे जीवाश्मांच्या नोंदींचा ऑनलाइन साठा, फुकट आहे. आर (R) ही आकडेवारीसाठीची संगणकीय भाषा शिकून त्यातल्या एखाद्या गटावर छोटं काम करून बघ, म्हणजे ई-मेलमध्ये सांगायला काहीतरी ठोस असेल. मसुदा तयार झाला की मला पाठव, मी वाचून देईन.