उबुंटूवर ‘पीएस’ कमांडचा सोर्स कोड कुठून घ्यायचा?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात कॉलेजच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टसाठी ‘पीएस’चा (चालू प्रोसेसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडचा) कोड वाचायचाय, मशीनवर उबुंटू 24.04 आहे, ‘ॲप्ट सोर्स पीएस’ दिलं की एरर येते. मग सरळ गिटलॅबवरून घ्यावा का?

गिटलॅबवरून घेऊ नका. तिथे मूळ प्रकल्पाचा आजचा कोड असतो. तुमच्या मशीनवर चालणारा ‘पीएस’ ठरावीक आवृत्तीचा असतो आणि त्यावर डेबियन (ज्यावर उबुंटू उभं आहे) आणि उबुंटूचे पॅचेस, म्हणजे छोटे बदल, चढवलेले असतात. प्रोजेक्टमध्ये आउटपुट आणि कोड जुळवून दाखवायचं असेल तर तोच कोड हवा.

एरर येण्याची कारणं दोन. पहिलं, उबुंटूमध्ये सोर्सचे रेपो (ॲप्ट जिथून फाइली उतरवतं ते साठे) सुरुवातीला बंद असतात. ‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/उबुंटू.सोर्सेस’ ही फाइल सुडोने (ॲडमिनच्या अधिकाराने) उघडा, ‘टाइप्स: डेब’ या ओळीत पुढे ‘डेब-एसआरसी’ जोडा. ही ओळ दोनदा येते. दुसरी सिक्युरिटी अपडेट्सची, तीही बदला. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’.

दुसरं, ‘पीएस’ नावाचं पॅकेजच नाही. ‘पीएस’ कुठल्या पॅकेजमधून येतं ते बघायला ‘डीपीकेजी -एस बिन/पीएस’ द्या, यातला एस कॅपिटल. सुरुवातीला स्लॅश नसल्यामुळे ‘पीएसट्री’सारख्या चार ओळी जास्त येतील, पण ‘पीएस’समोर ‘प्रॉकपीएस’ दिसेल. तेच नाव ‘ॲप्ट सोर्स’ला द्यायचं.

इथे सुडो लावू नका, नाहीतर फोल्डर रूटच्या (ॲडमिन खात्याच्या) मालकीचं होतं आणि पुढे प्रत्येक फाइल सेव्ह करताना अडतं. ‘डीपीकेजी-डेव्ह’ आधी टाकलेलं असू द्या. ते नसेल तर फाइली उतरतात पण उलगडत नाहीत. ॲप्ट सहसा सर्वांत नवी आवृत्ती उचलतं, म्हणून ‘डीपीकेजी -एल प्रॉकपीएस’मध्ये (इथला एल स्मॉल) दिसणारी आवृत्ती नावापुढे ‘=’ लावून द्या.

तीन फाइली येतात: ‘.डीएससी’ (पॅकेजची माहिती), मूळ कोडचा ‘.ऑरिग’ टारबॉल (अनेक फाइलींचं एक गाठोडं) आणि ‘.डेबियन’ टारबॉल. तुम्हाला हवं ते ‘एसआरसी/पीएस’मध्ये आहे, वाचायला ‘आउटपुट.सी’पासून सुरुवात करा, कॉलम तिथेच छापले जातात. उबुंटूने काय बदललं ते ‘डेबियन/पॅचेस’मध्ये.

बदल करून बिल्ड करायचं असेल तर आधी ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप प्रॉकपीएस’, मग फोल्डरमध्ये जाऊन ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज -बी -यूएस -यूसी’. ‘.डेब’ फाइल एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये मिळेल.

लॅबच्या मशीनवर सुडो नसेल तर उबुंटूच्या पॅकेज साइटवरून त्या तीन फाइली उतरवा आणि ‘डीपीकेजी-सोर्स -एक्स’ला ‘.डीएससी’ द्या.