वेताळ टेकडीसाठी डाउनहिल सायकल घ्यावी का?

म्हणजे तुम्ही कोथरूडला राहता, २०० मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे दणके झेलणारं सस्पेन्शन तेवढं दबणारी) जुनी डाउनहिल सायकल स्वस्तात मिळतेय, आणि तिच्यावर रोज सकाळी वेताळ टेकडी अन् रविवारी सिंहगड करायचाय. नका घेऊ. पुण्यात तिला गिऱ्हाईक नाही, म्हणूनच ती स्वस्त आहे.

ही सायकल चढण्यासाठी बनवलेलीच नसते. कॅनडातल्या व्हिस्लरसारख्या ठिकाणी ती चेअरलिफ्टला अडकवून वर नेतात आणि माणूस फक्त उतरतो. वजन १६-१७ किलो. मागे बहुतेक सातच गिअर, त्यातलं सगळ्यात मोठं चक्र २५ दात्यांच्या आतबाहेर, पुढचं ३६चं. मागचं चक्र मोठं तितका चढ सोपा; हल्लीच्या ट्रेल सायकलला (चढ-उतार दोन्हींसाठीची) मागे ५० दात्यांचं चक्र मिळतं, यावरून काय ते समजा. मी एकदा मित्राची घेऊन एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूनं टेकडीवर गेलो, म्हणजे ढकलत गेलो. काठी टेकत उतरणारे एक आजोबा थांबले. "पंक्चर का रे?" नाही म्हटलं. "मग बसत का नाहीस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, टेकडी ८००च्या आसपास. घाम पुसून होईतो उतार संपला.

बरं, उतारावर तरी मजा येते का? वेग असेल तर. एवढं सस्पेन्शन वेगात दगडांवर आदळल्यावरच कामाला लागतं. सावकाश चालवली की गादीवर बसून पॅडल मारल्यासारखं होतं. आणि टेकडीवर पहाटेपासून माणसं, कुत्री, मधूनच मोर. वेग काढणार कुठे? शिवाय डबल क्राउन फोर्कमुळे (पुढचं चाक धरणारा, वर-खाली दोन ठिकाणी आवळलेला दुहेरी दांडा) हँडल ठरावीक कोनापुढे वळतच नाही. अरुंद वळणावर पाय टेकून सायकल उचलून फिरवावी लागते. सिंहगडाला वरपर्यंत गाडी जाते हे खरं, पण रविवारी आतकरवाडीच्या पायवाटेवर जत्रा असते. तिथून ही सायकल सोडायचा विचारसुद्धा करू नका.

एवढं सांगूनही घेणार असालच (घेणारे घेतातच, मीही घेतली होती), तर आधी सॅग लावा, म्हणजे तुमच्या वजनानं सस्पेन्शन किती दबतं ते जुळवा. हेल्मेट-बॅगेसकट पॅडलवर उभं राहायचं, शॉकवरची (मागच्या सस्पेन्शनवरची) रबरी रिंग सीलला टेकवून घ्यायची, मग न हिसका देता उतरायचं. शॉक ७५ मिमी दबणारा असेल तर रिंग २२च्या आसपास सरकलेली हवी, म्हणजे ३० टक्के. कॉइल शॉक असेल तर स्प्रिंगवर छापलेला आकडा तुमच्या वजनाला जुळतो का ते बघा. हलकी स्प्रिंग प्रीलोड (ती आधीच दाबून ठेवणारी कडी) आवळून कडक होत नाही.

त्याहून महत्त्वाचा रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत उसळण्याचा वेग. मी त्याची लाल खुंटी पूर्ण उघडी ठेवली होती. गुडघाभर उंचीच्या दगडावरून उतरलो, मागचं चाक दबलं आणि परत येताना त्यानं अशी लाथ घातली की मी हँडलवरून थेट मुरमात. कोपरातले खडे डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक करून काढले. आपला मुरूम म्हणजे कडक जमिनीवर सांडलेल्या गोट्या. त्यावर पुढचा ब्रेक कचकन दाबला तर २०० मिमी काय नि ३०० काय, चाक सरकणारच. दोन्ही ब्रेकांवर एकेकच बोट ठेवा. टायर ट्यूबलेस करून आत भोक बुजवणारं सीलंट भरा, बाभळीचे काटे सस्पेन्शन बघत नाहीत.

माझं ऐकाल तर त्याच पैशात १२०-१३० मिमी फोर्कची बरी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) बघा. नाहीच राहवलं, तर व्यवहाराला जाताना सीट धरून मागचं चाक जरा उचला. खटखट जाणवली तर लिंकेजच्या (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांच्या) बेअरिंगचा खर्च धरा. मागचा हब (चाकाचा मधला भाग) किती रुंद आहे तेही विचारा, कारण १५० किंवा १५७ मिमीचं चाक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. शेवटी फोर्कच्या चकचकीत नळीवरून वरून खाली नख फिरवा. कुठे अडकलं, तर चहा पिऊन परत या.