अडलेलं पान आधी उघड

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचे चित्रांचे फोटो मिळाले. पणजीच्या फोंतेन्हास वाड्यातली घरं, पिवळ्या भिंती, निळ्या कडा, बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या कुंड्या. चित्रं नेटकी आहेत, पर्यटक ती घेतात याचं नवल नाही. पण शेवटी तू लिहिलंयस, "सर, हात बसलाय आणि आता पुढे काहीच होत नाही." पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. उत्तर त्यालाच देतो.

तुझ्या सहाही चित्रांतली सावली एकाच जांभळट करड्या रंगाची आहे. त्या गल्लीत चार वाजता जाऊन उभी राहा. समोरच्या पिवळ्या भिंतीचा उजेड सावलीत मिसळलेला दिसेल. पाऊस पडून गेला, चिऱ्यावर शेवाळ धरलं, की तीच सावली हिरवट होते. तू काढलेली सावली तिथली नाही, पॅलेटवर आधीच कालवून ठेवलेली आहे. हात बसला की असं होतं. हाताला उत्तर पाठ असतं, म्हणून डोळा प्रश्नच विचारत नाही.

हे मी अनुभवावरून लिहितोय. पस्तिशीत मला एका हॉटेलचं काम मिळालं. माड, होड्या, मांडवीवरची संध्याकाळ अशी चाळीस चित्रं होती. मग तशाच चित्रांची मागणी येत गेली आणि आठ वर्षं मी तीच काढत राहिलो. आई गेली त्या वर्षी तिचं चित्र काढायला बसलो. आदोळीवर, म्हणजे खवणीवर बसून ती नारळ खवायची, दोन्ही हातांनी करवंटी दात्यांवर फिरवत. मनगट कुठे वळतं, अंगठा कुठे टेकतो, काही केल्या जमेना. होडी मी डोळे मिटून काढली असती, आणि जो हात जन्मभर समोर होता तो मला काढता येत नव्हता. त्या रात्री मी फार रडलो.

मग म्हापशाच्या मासळीबाजारात जायला लागलो. सकाळी तासभर, फक्त हात. मासळी कापणारे, पैसे मोजणारे, बर्फ फोडणारे. पहिले चार महिने वहीत निव्वळ हातमोजे उतरले. आईचा हात तिसऱ्या वर्षी आला.

म्हणून सांगतो, घरांची चित्रं सोडू नकोस, त्यावर घर चालतं. पण आठवड्यातला एक दिवस न जमणाऱ्या गोष्टीला दे आणि त्या दिवसाचं काही विकू नकोस. तुझी माणसं कच्ची आहेत, कॉलेजातही होती. गल्लीत तू माणसं काढत नाहीस, कारण ती हलतात. तिथूनच सुरुवात कर. पणजी-बेती फेरीबोटीत बस. पलीकडे पोचेपर्यंत मिळतात ती थोडीशीच मिनिटं, तेवढ्यात एका माणसाची बसण्याची ढब पकड. चेहरा नको, पाठ आणि खांदे पुरेत. प्रत्येक पानावर तारीख घाल. बिघडलेलं पान फाडू नकोस. तेच सहा महिन्यांनी तुला जास्त सांगेल.

आणखी एक. ज्या गल्लीत तू बसतेस तिथेच फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत चित्रकार आंतोनियु शाविएर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. आत कधी गेलीस का? सांग्यात १८७० साली जन्मलेला हा माणूस पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होता. त्यांच्या व्यक्तिचित्रांसमोर बस आणि फक्त कडा बघ. गाल कुठे अंधारात विरतो, कुठे धारदार उरतो. तू प्रत्येक कड सारखीच आखतेस, म्हणून तुझी भिंत कागदाला चिकटून राहते. छापील पुस्तकात हे कळत नाही, मूळ चित्रच बघावं लागतं.

अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे मूळचे गोव्याचे, हे तुला माहीत आहेच. सुरुवातीला ते लघुचित्रांच्या वळणाने आकृत्या काढत. पुढे आकृतीच सोडली, रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले. वर्षाला मोजकेच कॅनव्हास पुरे होत. १९८४ च्या अपघातानंतर मोठं काम थांबलं, तर कागदावर शाईची छोटी कामं केली. तोवर साठी आली होती आणि नावही झालं होतं. त्या वयात ज्याने आपल्या कामाचा आकार बदलला, त्याचा विचार करून तुझ्या सत्ताविसाव्या वर्षाकडे बघ.

पण तोच तोच विषय काढणं वाईट, असं समजू नकोस. आमच्या वाड्यावरच्या चित्रशाळेत एक म्हातारे गणपती करायचे. साचा तोच, माती तीच. पण दर चवथीला ते एकच गोष्ट बदलायचे. एका वर्षी सोंडेचं वळण, एका वर्षी डोळ्यांची आखणी. मागच्या वर्षी काय चुकलं ते त्यांना पक्कं आठवायचं. तुझ्या घरांनाही हे लागू कर.

साहित्याचं थोडक्यात. पावसाळ्यात कागद उघडा ठेवू नकोस. दमट हवेत बुरशी त्याचा सरस खाते, मग रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो आणि आपण हाताला दोष देतो. बोगनवेलीसाठी वापरतेस ते अलिझरिन क्रिमझन, तो गडद लाल रंग, उजेडात उडतं. ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक असेल तर विकायच्या चित्रात घालू नकोस. घेणाऱ्याने विश्वासाने पैसे दिलेले असतात.

चवथीला येशील ना? गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झाली की दुपारी तिच्याखाली बसू. सुपारीची शिपटं, तोरिंग, आंबाडे, केळ्यांचा घड, सगळं डोक्यावर लटकलेलं, खालून बघायचं. मी दरवर्षी काढतो आणि दरवर्षी घड चुकतो. येताना विकलेल्या चित्रांचे फोटो नकोत, फेरीबोटीतली वही आण. जिथे अडलीस ते पान आधी उघड.

तुझे,
सर