मुक्तस्रोत संगीत-प्रोग्रॅमिंग वातावरणाच्या पुढील पाच वर्षांचा आराखडा कसा आखावा?

आपला गट स्वतःचे मुक्तस्रोत संगीत-प्रोग्रॅमिंग वातावरण विकसित करीत आहे, आणि आराखड्यात नव्या सुविधांना अग्रक्रम द्यावा की जुने पॅच (वापरकर्त्यांनी त्यात केलेल्या रचना) चालू राहण्याला, तसेच निधी व स्वयंसेवक कसे जमवावेत, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर माझ्यापुरते 2018 सालीच ठरून गेले आहे. जुने पॅच चालू राहिलेच पाहिजेत. बाकी सर्व त्यानंतर.

माझी मावशी शास्त्रीय गायन शिकवते. बाजारातील इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा झंकार) तिला कधीच पसंत पडली नाही, म्हणून 2011 मध्ये मी तिच्यासाठी प्युअर डेटामध्ये, म्हणजे पडद्यावरच्या चौकटी रेषांनी जोडून ध्वनी घडविणाऱ्या मुक्तस्रोत वातावरणात, तानपुरा तयार केला. तिचा षड्ज काळी चारचा, म्हणजे सुमारे 208 हर्ट्झ. प्रत्येक तारेसाठी एक डिले-लाइन (ध्वनी किंचित उशिरा बाहेर देणारी), तिच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर आलेला ध्वनी पुन्हा आत नेणाऱ्या वाटेवर, एक साधा फिल्टर आणि जवारीसाठी ध्वनीची थोडी विकृती, एवढाच तो मामला होता. प्युअर डेटा ध्वनीचे नमुने 64-64 च्या ब्लॉकने हाताळतो. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या दराने हा ब्लॉक सुमारे दीड मिलिसेकंदाचा होतो आणि फीडबॅकमधील डिले त्याहून लहान करता येत नाही. षड्जाला लावलेल्या जोडाच्या तारेला एका कंपनासाठी सुमारे पावणेपाच मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ही मर्यादा मला कधी जाचली नाही.

वादाचा मुद्दा वेगळाच होता. मिलर पकेट यांनी 1996 च्या सुमारास सॅन दिएगो येथे सुरू केलेला मूळ प्युअर डेटा, ज्याला 'व्हॅनिला' म्हणतात, तो वापरावा असे माझे मत होते. माझ्याबरोबर काम करणारा मित्र मात्र त्या काळी लोकप्रिय असलेल्या 'पीडी-एक्स्टेंडेड' या विस्तारित आवृत्तीचा कट्टर पुरस्कर्ता होता, कारण त्यात डझनावारी लायब्ररी (तयार चौकटींचे संच) आयत्या मिळत. आयते मिळत असताना स्वतः जोडाजोड करीत बसणे ही निव्वळ हौस आहे, असे तो म्हणे. मी त्याचे ऐकले, आणि तारा आळीपाळीने छेडण्यासाठी सायक्लोन लायब्ररीतील 'काउंटर' ही मोजणारी चौकट आणि शेवटी घुमाऱ्यासाठी 'फ्रीव्हर्ब' घेतले. कोणते ऑब्जेक्ट (चौकट) कोणत्या लायब्ररीतून आले, याची नोंद पॅचमध्ये करावी लागत नसे, म्हणून मीही ती केली नाही.

2013 नंतर पीडी-एक्स्टेंडेडची नवी आवृत्ती निघाली नाही. 2018 मध्ये मावशीचा लॅपटॉप बंद पडला. नव्यावर मी व्हॅनिला बसवला आणि तिच्यासमोरच पॅच उघडला. दोन चौकटींच्या कडा तुटक रेषांच्या झाल्या होत्या, आणि ही ऑब्जेक्ट तयार करता आली नाहीत, असा संदेश आला होता. चारही तारा शाबूत होत्या. हाताने संदेश पाठविला की प्रत्येक तार वाजत होती. छेडणारे बोट आणि घुमारा तेवढे नाहीसे झाले होते. मावशी काही बोलली नाही. तिने कपाटावरचा खरा तानपुरा उतरविला आणि ती तो जुळवीत बसली. मित्राला फोन केला, तेव्हा चूक माझीच आहे, वेळच्या वेळी पॅच अद्ययावत करायला हवा होता, असे त्याने सुनावले. रियाजाला बसणाऱ्या बाईने दरवर्षी सॉफ्टवेअरच्या घडामोडी वाचाव्यात, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने आराखडे आखू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पकेट यांनी जे लिहिले ते सात वर्षांनी जसेच्या तसे वाजले, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांच्या आवृत्तीचा आकडा आजही शून्याने सुरू होतो आणि लोक त्याला हसतात, खुशाल हसोत. लायब्ररींचा प्रश्नही गाभा न फुगवता सुटला: 2016 पासून व्हॅनिलामधूनच 'डेकेन' या साधनाच्या साहाय्याने हवी ती लायब्ररी शोधून बसवता येते. म्हणून आपला गाभा लहान ठेवावा, बाकीचे बाहेर ठेवावे, आणि वापरकर्त्यांकडून खरे जुने पॅच गोळा करून प्रत्येक नवी आवृत्ती त्यांच्यावर वाजवून पाहावी.

सुपरकोलायडर या दुसऱ्या संगीत-प्रोग्रॅमिंग वातावरणाचे उदाहरणही विचारात घ्यावे. तिसऱ्या आवृत्तीपासून ध्वनी निर्माण करणारा सर्व्हर आणि भाषा वेगळ्या झाल्या, त्यामुळे सॉनिक पाय किंवा टायडलसायकल्स ही इतर संगीत-वातावरणे तोच सर्व्हर आपापल्या भाषेतून वापरू शकतात. सुपरकोलायडरच्या स्वतःच्या भाषेत दोन अधिक तीन गुणिले चार याचे उत्तर वीस येते, कारण क्रिया डावीकडून उजवीकडे होतात. हे आज दुरुस्त केले, तर जुन्या रचना कोणतीही त्रुटी न दाखवता निराळ्याच वाजतील. बंद पडलेला पॅच निदान बंद पडला हे कळते. बेसूर झालेला कळेलच असे नाही.

निधीविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे नाही. एवढे मात्र खरे की, एकाच माणसाच्या खांद्यावर सगळ्या लायब्ररी सांभाळण्याचा भार पडला की प्रकल्प थकतो. त्यामुळे पहिले पैसे मिळाले, तर ते नव्या सिंथपेक्षा देखभालीवर खर्च करावेत. आणि न्यायाने हेही सांगायला हवे की एका माणसाच्या शिस्तीवर चालणाऱ्या व्हॅनिलात नव्या लोकांच्या सूचना फार काळ ताटकळतात. प्युअर डेटावरच आधारलेल्या पर डेटा आणि प्लगडेटा यांना वाव मिळाला तो उगाच नाही. मित्राचे म्हणणे तेवढ्यापुरते मला मान्य आहे.

मावशीचा पॅच मी त्याच रात्री दुरुस्त केला. काउंटरच्या जागी आकडा साठवणारी एक चौकट, एक मिळविणारी दुसरी आणि चारने भागून बाकी काढणारी तिसरी, अशा व्हॅनिलाच्याच तीन चौकटी पुरल्या.

अर्थात आपले वातावरण अजून आपल्या गटाबाहेर कोणी वापरत नसेल, तर वरील बहुतेक सल्ला आपल्याला लागू नाही. हवी तेवढी मोडतोड आत्ताच करून घ्यावी. गुणाकार आधी की बेरीज, हे मात्र पहिला परका पॅच येण्यापूर्वी ठरवावे.