परदेशी कस्टमर आपल्या प्रोसेसची माहिती मागतोय, द्यावी का?

तुम्ही विचारलंय की जर्मन कस्टमर प्रोसेसची सगळी माहिती मागतोय, दिली तर उद्या दुसऱ्याकडून स्वस्तात करून घेतील का. भीती खरी आहे. तरी मी म्हणेन द्या, फक्त त्यांच्याकडूनही तेवढीच मागून घ्या.

मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका मशिनिंग शॉपमध्ये क्वालिटी बघतो. आमच्या स्टीलच्या स्लीव्ह (नळीसारखे पार्ट) युरोपात जातात, पावसाळ्यातल्या लॉटला हमखास गंज यायचा. आम्ही ऑइल बदललं, व्हीसीआयच्या (गंज रोखणाऱ्या) पिशव्या जाड घेतल्या, सिलिका जेल वाढवलं, तरी तेच. कस्टमरवाले रिजेक्शनचा रिपोर्ट पाठवायचे, आम्ही करेक्टिव्ह ॲक्शनचा फॉर्म भरून द्यायचो, आणि खरं काय चालतं ते कोणीच कोणाला सांगत नव्हतं. शेवटी साहेबांनी वॉशिंगपासून पॅकिंगपर्यंतचा व्हिडिओ काढून पाठवला आणि म्हणाले आता तुमच्याकडचा दाखवा.

त्यांच्या इंजिनीअरने लगेच पकडलं, डाग बोटांच्या ठशांसारखे आहेत, तुमचा माणूस वॉशिंगनंतर ऑइल लावायच्या आधी पार्ट उघड्या हाताने उचलतोय. आणि त्यांच्या व्हिडिओत आम्हाला दिसलं की स्टोअरवाला मोजायला पिशवी कापतो आणि तशीच उघडी रॅकवर ठेवून देतो. आम्ही हातमोजे सुरू केले, वीस-वीसचे पॅक केले म्हणजे मोजायला फोडायची गरजच नको, तेव्हा कुठे गंज थांबला. हे कुठल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं हो.

मोठ्या कंपन्यांतही हेच दिसतं. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिनच्या कारिया प्लांटला आग लागली, टोयोटाच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथूनच यायचा, टोयोटाची लाइन बंद पडली. आयसिनने ड्रॉइंग दुसऱ्या कंपन्यांना देऊन टाकली, शिलाई मशिनवाल्या ब्रदरने सुद्धा ते व्हॉल्व्ह बनवले, आणि आठवड्याभरात गाड्या परत बनायला लागल्या. आधीपासून एकमेकांकडे येणंजाणं, शिकणं-शिकवणं होतं म्हणून जमलं, ऐनवेळी असा विश्वास तयार होत नाही.

आता काय द्यायचं नाही ते. कॉस्टिंग, स्वतः डेव्हलप केलेलं फिक्स्चर (मशिनिंग करताना पार्ट पकडून ठेवणारं साधन) आणि दुसऱ्या कस्टमरचं ड्रॉइंग, हे कितीही गोड बोलले तरी नाही. एनडीए (गुप्ततेचा करार) आधी, माहिती नंतर. काम ऑटोमोटिव्हचं असेल तर पीपीएपीत (पार्ट मंजूर करून घ्यायला कस्टमरला द्यायच्या कागदपत्रांत) प्रोसेस फ्लो, पीएफएमईए (प्रोसेसमध्ये कुठे काय चुकू शकतं त्याचा अभ्यास), कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं त्याचा आराखडा) जातातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि पुढच्या मीटिंगला त्यांच्या पर्चेसवाल्याबरोबर तुमचा पार्ट प्रत्यक्ष बसवणारा त्यांचा माणूसही हवा असं आत्ताच मेलमध्ये लिहून टाका.