पायथ्याला गाडी फोडली गेली तर: ‘गहाळ’च्या दाखल्यावर सही करू नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. गड उतरून पायथ्याला आलात तर मागच्या दाराची काच फुटलेली, सीटखाली ठेवलेली लॅपटॉपची बॅग गायब, आणि ठाण्यात सल्ला मिळाला की ‘गहाळचा दाखला घेऊन टाका, लगेच मिळेल’. तो घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. घेऊ नका. घाटमाथ्यावरच्या एका किल्ल्याखाली माझ्या गाडीचं अगदी असंच झालं होतं. चोराने नेलं त्यापेक्षा जास्त नुकसान त्या दाखल्याने केलं.

गाडी लॉक करा, सामान उघड्यावर ठेवू नका, हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात वेळ घालवत नाही.

आमची फोडली होती ती मागच्या दारामागची छोटी तिकोनी काच. तेवढ्यातून हात घालून आतून दार उघडलं होतं. सीटवर, बेल्टच्या खाचेत, पायपुसण्याखाली सगळीकडे साबुदाण्यासारखे काचेचे दाणे. बाजूच्या काचा अशाच फुटतात, पुढची मोठी काच तडकून जागेवर राहते. आत बायकोचा कॅमेरा होता, दोन लेन्स होत्या, हार्ड डिस्क होती. ठाण्यातल्या माणसाने पाणी विचारलं, खुर्ची दिली, बोलणं गोड. गाडी बाहेर उभी होती, पण बघायला कोणी उठलं नाही. ‘एफआयआर केलीत तर कोर्टाच्या फेऱ्या मारत बसाल, तुमचं काम इन्शुरन्सचंच ना, मग हे पुरतं’ असं म्हणत छापील फॉर्म पुढे सरकवला. त्यावर मजकूर असा की वर्णन केलेल्या वस्तू प्रवासात गहाळ झाल्या. फुटलेल्या काचेचा उल्लेख नाही, जागेचा नाही, वेळेचा नाही.

आमच्या पॉलिसीत सामानाचं जादा कव्हर घेतलेलं होतं. कंपनीचं उत्तर एका ओळीचं आलं: चोरी झाल्याचा पोलिसी पुरावा नाही, दावा नामंजूर. परत ठाण्यात गेलो तर ‘सही तुमचीच आहे, आता जबाब कसा बदलणार’. वर ती जागा आमच्या हद्दीत येते की शेजारच्या, यावर वाद. मला अजूनही संताप येतो तो याचा. ज्या टेबलावर चोरीची नोंद व्हायची, तिथेच चोरी कागदावरून पुसली गेली. असे दाखले वाटले की त्या मैदानावर चोऱ्या होतच नाहीत असं दप्तर सांगतं, मग तिथे गस्त तरी कोण लावणार? पुढच्या रविवारी दुसऱ्या कोणाची तरी गाडी फुटतेच.

आता तुमचं. मी वकील नाही, ठाण्यात जाण्याआधी ओळखीच्या वकिलाला एकदा दाखवा. पण एवढं नक्की आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि चोरीचं कलम ३०३ आहे. पाच हजारांच्या आतली किरकोळ चोरी अदखलपात्र ठरू शकते, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, म्हणून वस्तूंची किंमत बिलासकट लिहा. लॅपटॉप पाच हजारांत बसत नाही. हद्दीचं कारण आता चालत नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन किंवा मेलनेही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

ठाण्यातून ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असं ऐकू येईल. ते पूर्ण खोटं नाही. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण तिला १४ दिवसांची मुदत आहे. तेव्हा तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तरी नोंद झाली नाही तर हीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, आयुक्तालयाची हद्द असेल तर उपायुक्तांना. तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बहुतेक वेळा अधीक्षकांचं नाव घातलेलं पाकीट दिसलं की ठाण्यातून फोन येतो, असा माझा अनुभव. सगळीकडे तसंच होईल असं मात्र म्हणत नाही.

तक्रारीत ‘काच फोडून चोरी’ हे शब्द स्पष्ट हवेत. गाडी कुठे लावली, किती वाजता लावली, किती वाजता परत आलात, कुठली काच फुटली, आतून काय गेलं, लॅपटॉपचा सीरियल नंबर, सगळं लिहा. पंचनामा मागा आणि तो होईपर्यंत गाडी झाडूपुसू नका. पाऊस असेल तर बाहेरून जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावा, पण त्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. विमा कंपनीलाही काच बदलण्याआधी कळवायचं असतं.

बॅगेत कार्डं असतील तर वाचणं थांबवून आधी ती बंद करा. टॅप करून पाच हजारांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. फोनही गेला असेल तर पोलिसांच्या कागदाची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करता येतो.

काचेचा क्लेम करावा का, हे गणित करून ठरवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर प्रश्नच मिटला, काही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापत नाहीत, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार आपल्यालाच भरावे लागतात. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. समजा तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी दहा हजार आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर आहे, तर पुढच्याच वर्षी पाच हजार जादा जातील, आणि बोनस पुन्हा ५० वर चढायला पाच वर्षं लागतील. छोट्या काचेसाठी मी तरी खिशातून भरेन. बोनस सांभाळणारं जादा कव्हर असेल तर गोष्ट वेगळी. आणि सामान साध्या पॉलिसीत येतच नाही. जादा कव्हर घेतलं तरी रोकड आणि दागिने सहसा वगळलेले असतात, लॅपटॉपचं काय ते पॉलिसीची अट वाचूनच कळेल.

पुढच्या वेळेसाठी माझं ठाम मत एकच आहे. सामान डिकीत टाकायचं ते पायथ्याला पोचण्याआधी, चहाला थांबता तिथे किंवा घरूनच निघताना. बहुतेक जण मैदानात गाडी लावतात, बूट बदलतात आणि मग सगळ्यांसमोर बॅगा मागे ठेवतात. पाळतीवरच्या माणसाला यापेक्षा जास्त काही बघायचंच नसतं. गाडीत कुठे काय आहे ते त्याला कळलेलं असतं आणि तुम्ही चार तास येणार नाही हेही. हॅचबॅकची डिकी तर आतून मागची सीट पाडली की उघडीच. म्हणून लॅपटॉप ट्रेकला आणूच नये. कंपनीचा असेल आणि सोबत बाळगणं भाग असेल तर तो पाठीवर घेऊन चढा, जड होईल पण तुमच्याजवळ राहील. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमधलं चालतं, मूळ कागद घरी ठेवा. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून उघडा सोडा. डॅशकॅम काढलात तर काचेवरचा त्याचा गोल डागही पुसा.

गाडी शक्यतो गावातल्या एखाद्या अंगणात लावा. कळसूबाईखालची बारी असो, राजगडाखालचं गुंजवणे असो, लोहगडाची लोहगडवाडी असो, विचारलं की कोणीतरी जागा देतं. पन्नास-शंभर रुपये द्या, पिठलं-भाकरी तिथेच सांगा, मावशींचा नंबर घ्या आणि तुमचाही देऊन ठेवा. वर गडावर रेंज मिळेल याची खात्री नसते, म्हणून तुमच्या घरच्या कोणाचा तरी नंबरही द्या. रात्रीच्या ट्रेकला तर मी मोकळ्या मैदानात गाडी सोडतच नाही.

मैदानावरच्या पावतीवर मात्र विसंबू नका. वनसमितीची उपद्रव शुल्काची, म्हणजे पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काची, पावती असेल तर ती राखणीची नसतेच. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने एका हॉटेलला गाडीच्या चोरीसाठी जबाबदार धरलं होतं, ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापलेलं असूनही. पण तिथे किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती. मैदानात किल्ली आपल्याच खिशात असते, त्यामुळे तो निकाल आपल्या कामी येईल असं मला वाटत नाही.

आणखी एक, विषयाला थोडं सोडून. सिंहगडासारख्या ठिकाणी हवा लागावी म्हणून काच दोन बोटं उघडी ठेवू नका आणि खाण्याच्या पिशव्या गाडीत सोडू नका. माकडं वायपर आणि दाराचं रबर उपटतात, आणि सैल झालेल्या रबरातून पुढे पाणी शिरत राहतं.

तक्रारीचा मसुदा उद्यापर्यंत इथे टाकलात तर मी वाचून सुचवेन. फक्त नाव, गाडीचा नंबर आणि सीरियल नंबर खोडून टाका. आणि त्या छापील फॉर्मवर अजून सही केली नसेल तर कृपा करून करू नका.